आज कितव्या पानावर

अमोल,

तुझा कॉम्प्युटर अजून चालू आहे. हॉलमध्ये, शिलाई मशीनच्या टेबलावर, तू ठेवला होतास तिथंच. शेजारी तो कुरकुरणारा यूपीएस. तू नाहीस आणि हे खोकं मात्र दिवसभर घुमत असतं. माझा भाऊ बाळूदादा माणहून दोनदा येऊन सांगून गेला, "आगं, मानूस ग्येलं, आन् त्याची मशिन कशाला चालू ठिवलीया? बंद कर बरं." मी उठलेही होते. पण बटणासमोर तुझी आई बसली होती. ती सरकली नाही. मग मी आत जाऊन चहा टाकला.

चाकणला तुझ्या कंपनीतल्या लोकांनी गेटवर तुझा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मनमिळाऊ सहकारी'. मला हसू आलं रे. मनमिळाऊ कसला, महाहट्टी होतास तू. कुकरची शिट्टी बिघडली तर नवी आणायची नाही, जुनीच खोलून बसायचं. रस्ता चुकला तर विचारायचं नाही, पुढं जायचं. एकदा धरलं की धरलं. मी हे तुझ्या हट्टाबद्दलच लिहितेय. त्या हट्टानं शेवटी काय केलं ते तुला माहीत नाही. तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी मीच उरलेय.

तुझ्या वडलांना, आप्पांना, आपण बोरवाडीहून आकुर्डीला आणलं तेव्हा त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. "गावाकडं विहिरी आहेत, इथं निदान गॅलरीला जाळी आहे," असं तू म्हणालास. आप्पांना इथं आवडलं फक्त स्टेशन. दुपारी उन्हं कलली की ते पेपर काखेत मारून निघायचे आणि आई त्यांच्या मागं. फलाटावरच्या बाकावर बसून ते पेपर मोठ्यानं वाचायचे, आजूबाजूच्यांना हवा असो वा नसो. घरातली माणसं विसरले तरी वाचायला विसरले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी.

त्याच डॉक्टरांनी एकदा विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?" तर आप्पा ताठ बसले आणि तुला शाळेत घालायला गेले असतील तेव्हाच्या आवाजात म्हणाले, "अमोल ज्ञानोबा ढगे, बोरवाडी." डॉक्टर हसले, तूही हसलास. पुन्हा विचारलं तरी तेच. स्वतःचं नाव गेलं होतं आणि तुझं पूर्ण नाव, मधे त्यांचंच नाव घातलेलं, तेवढं शिल्लक होतं. परत येताना रिक्षात तू घर येईपर्यंत बाहेर बघत होतास. मी तुझा हात धरायला हवा होता की नको, हे मला कळलं नाही.

मग तो दिवस. आईला ताप होता, मी शाळेत, तू चाकणला. आप्पा एकटेच गेले. स्टेशनच्या कॅमेऱ्यात दिसलं की ते लोणावळ्याकडच्या गाडीत चढले आणि देहूरोडला उतरले. पेपर काखेतच होता. त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत. तू देहूरोडला भिंतीभिंतीनं हिंडलास, लष्कराच्या फाटकांवर फोटो दाखवलास, पोलिसांत तक्रार दिलीस, पोस्टर चिकटवलीस. तुमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, माझ्या शाळेला रविवारी. लग्नापासून आपली सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. आधी त्याचं मला वाईट वाटायचं. आप्पा हरवल्यावर तुझे सगळे गुरुवार तसेही त्यांचे झाले.

पोस्टर उन्हानं पांढरी पडली, तेव्हा तू इंटरनेटवर शोधायला लागलास. कुठल्यातरी आश्रमानं, कुठल्यातरी दवाखान्यानं, गावच्या बातम्या देणाऱ्या एखाद्या साइटनं त्यांचं नाव कुठंतरी लिहिलं असेल, एवढीच आशा. पण नाव पडलं ज्ञानोबा, आणि आपण राहतो आळंदीच्या शेजारी. शोधलं की पहिली सगळी पानं माउलींची. मंदिर, पालखी, पोथ्या, प्रवचनं. तू वैतागून म्हणालास, "देवानं माझ्या बापाची जागा अडवलीय." आईनं पटकन गालावर मारून घेतलं. "असं बोलू न्हाई रं बाबा. त्याला म्हन, सरक जरा." आणि तू खरंच पुढचं पान, पुढचं पान करत बसलास. जेवताना डावा हात माउसवर. तुझ्या ताटातली आमटी थंड व्हायची आणि माझं डोकं गरम.

त्यातून ती स्क्रिप्ट निघाली. कंपनीत तू असल्या स्क्रिप्ट लिहायचास, कुठल्या लाइनला किती माल लागणार त्याचे रिपोर्ट आपोआप निघावेत म्हणून. मला तू समजावून सांगितलंस, मास्तरासारखा, मी स्वतः मास्तरीण असून. शोधलं की एका पानावर दहाच गोष्टी दिसतात. पुढच्या दहा हव्या असतील तर पुढचं पान. वरच्या पत्त्यात एक आकडा असतो, तो बदलला की पान बदलतं. माणूस चार-पाच पानांत कंटाळतो. स्क्रिप्ट कंटाळत नाही. ती आकडा वाढवत जाते, पान आणते, त्यात नाव आहे का बघते, पुढं जाते.

"म्हणजे पानं उलटायला ठेवलेला गडी," मी म्हणाले.

तुला ते इतकं आवडलं की तू आईला हाक मारून सांगितलंस. तेव्हापासून आईसाठी तो गडीच. रोज सकाळी दात घासून झाले की, "आला का रं गडी?"

पहिल्या दिवशी गड्यानं काय केलं ते आठवतं तुला? माझा शाळेचा तास चालू होता आणि तुझा फोनवर फोन. मी बाहेर आले. तू ओरडत होतास, "शुभा, सापडले! वीस पानांवर आहेत! जुन्नरकडं एका वृद्धाश्रमात!" वीस ठिकाणी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं तुला वाटलं. मलाही वाटलं. आईनं धपाटे केले, आप्पांची आवडती लसणाची चटणी घेतली, त्यांचा धुतलेला सदरा घेतला. गाडीत ती सारखी विचारत होती, मला बघून वळखतील का. आणि तिथं पोचलो तर वऱ्हांड्यात एक म्हातारे बसलेले. नाव ज्ञानोबा ढगेच. पण ते आपले नव्हते. भलतेच.

त्या म्हाताऱ्यांचा चेहरा मी विसरत नाही. तिघं जण आपल्यासाठी आले म्हणून ते उठून उभे राहिले होते. "माझ्याकडं आलात?" आई पुढं झाली, डबा उघडून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "व्हय. तुमच्याकडंच. खाऊन घ्या." ते जेवेपर्यंत आपण थांबलो. सदरा मात्र तिनं दिला नाही.

परत येताना तुला चूक कळली. स्क्रिप्टमधला आकडा वाढतच नव्हता. गडी प्रत्येक वेळी पहिलंच पान आणत होता, वीस वेळा तेच पान, आणि आपण ती वीस पानं समजलो. नारायणगावजवळ तू गाडी बाजूला घेतलीस आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलंस. तुझी आई मागून म्हणाली, "नवा हाय गडी. शिकंल." त्यावर तू हसलास. मला त्या क्षणी तिची आणि तुझी एकदमच माया आली, हे कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवतेय, तर ऐकायला तू नाहीस.

मग गडी शिकला. तो इतक्या भराभर पानं मागायला लागला की समोरच्यांनी दार लावून घेतलं. तुम्ही माणूस आहात ना, असाल तर यातले सिग्नलचे फोटो ओळखा, म्हणे. गड्याला ते कुठून येणार? मग तू त्याला माणसासारखं वागायला शिकवलंस. एक पान आणलं की थांब, कधी थोडं, कधी जास्त, जरा दमल्यासारखं कर. मी म्हणाले, "आधी मालकाला शिकव." शेवटी तू त्या शोधणाऱ्या कंपनीकडूनच रीतसर परवानगीची किल्ली घेतलीस. दिवसाला ठरावीक पानं, त्यापुढं नाही. आणि तिथं तुला ते कळलं, ज्यावरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. वर लिहिलेलं असतं, लाखो निकाल सापडले. आणि काही पानं गेली की म्हणतं, संपलं. लाखो कुठं आहेत, ते दाखवत नाही.

"मग ते मागं राहिलेलं कुणी बघायचं?" तू माझ्यावरच चिडायचास, जणू मी लपवून ठेवलंय.

"मागं काही नसतं, अमोल. आकडा नुसता फुगवलेला असतो."

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. आजही मला वाटतं की मागं काही नसतं. पण आता तसं ठामपणे म्हणायचा धीर होत नाही.

दुसरं भांडण पोरांचं. आपल्याकडं माणसाच्या नावात मधे बाप असतो, म्हणून 'ज्ञानोबा ढगे' शोधलं की ज्ञानोबांपेक्षा त्यांची पोरंच जास्त निघायची. भरतीच्या याद्या, मतदार याद्या, कुस्त्यांचे निकाल. गणेश ज्ञानोबा ढगे, कैलास ज्ञानोबा ढगे. गडी रोज सकाळी पाठवायचा ती मेल या पोरांनी भरलेली. मी म्हणाले, ज्याच्या पुढं दुसरं नाव आहे ते सगळं गाळून टाक, निम्मा कचरा कमी होईल. तू म्हणालास, "आप्पांना कुणी नाव विचारलं तर ते काय सांगतील?" ते सांगतील, अमोल ज्ञानोबा ढगे, बोरवाडी. म्हणून तू पोरांना गाळलं नाहीस. उलट स्वतःचंच पूर्ण नाव शोधायला घातलंस, फक्त तुझी कॉलेजची आणि कंपनीची जुनी पानं तेवढी वगळलीस. स्वतःच्या नावानं बापाला हुडकत बसलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी तुला चिडवलंही होतं.

तू चांदण्यांची सोय केलीस. पूर्ण नाव दिसलं की एक चांदणी, बोरवाडी दिसलं की दुसरी, आकुर्डी किंवा देहूरोड दिसलं की तिसरी. रोज सकाळी तुझ्या नावानं मेल यायची, तुला आणि मला. विषय एकच, 'आज काही नाही'. तिन्ही चांदण्या एका जागी आल्या तर विषय बदलायचा, 'बहुतेक सापडले'. बहुतेक कशाला, असं मी विचारलं, तर म्हणालास, एकदा त्या वीस पानांनी फसलोय मी, आता जपून. आणि जे तीन चांदण्यांचं असेल ते रोजच्या मेलमध्ये येत राहणार, आज कितव्या पानावर आहे त्यासकट. "का?" तर, "सापडलेलं परत हरवू नये म्हणून." आपलं तिघांचं ठरलं होतं की 'बहुतेक सापडले' आली की ज्याला आधी दिसेल त्यानं थांबायचं नाही, आईला हाक मारायची.

ती मेल कधी आली नाही. खंडेनवमीला तू कंपनीत मशिनींची पूजा करून यायचास आणि इथं आई तुझ्या या खोक्याला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. की-बोर्डच्या फटीत अजून अक्षता आहेत. 'आज काही नाही' वाचायची आपल्याला इतकी सवय झाली की मी ते न उघडताच पुसून टाकायला लागले. तू मात्र उघडायचास. आईला रोज सांगायचास, "आज काही नाही, आई," आणि ती म्हणायची, "उद्या बघू." कपाळाला तिचं कुंकू रोजच्या एवढंच. बायका विचारायच्या, ती म्हणायची, "मला कुनी सांगितलंय का, ते न्हाईत म्हनून?" खरंच, कुणी सांगायचं?

मला तुझा राग यायचा. तुला वाटायचं मला आप्पांचं काही नाही. तसं नव्हतं रे. तू एका माणसाच्या मागं इतका गेला होतास की घरातल्या दोघींना तू अर्धाच मिळत होतास. त्या बुधवारी मी ठरवलं होतं की उद्या तुझा गुरुवार, मी शाळेत रजा टाकते आणि आपण दोघं कुठंतरी जाऊ. कुठंही. शोधायला नाही, नुसतंच. तुला संध्याकाळी सांगणार होते.

त्या सकाळी काय झालं ते मी लिहिणार नाही. पहिली शिफ्ट, तळेगाव-चाकण रस्ता, कंटेनर. एवढं ज्याला-त्याला सांगून माझं तोंड सोलून निघालंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमाणसं सावडायला गेली होती. घरात आम्ही बायका. आई भिंतीला टेकून बसली होती, दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. माझा फोन वाजला. उचलून बघितलं तर वर तुझं नाव, अमोल ढगे. आणि त्याखाली, 'बहुतेक सापडले'.

अमोल, त्या क्षणाबद्दल मला कुणाशीच बोलता आलेलं नाही. मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. आप्पा सापडले. आणि तू कळवलंस. दुसरी गोष्ट वेडेपणाची आहे हे कळायला एक श्वास लागला, पण तेवढ्यात माझ्या तोंडून हाक गेली होती. ठरलंच होतं ना आपलं, थांबायचं नाही म्हणून. मी ओरडले, "आई, सापडले!"

ती उठली. दोन दिवस जिला दोघींनी धरून उठवावं लागत होतं ती एकटी उठली आणि माझ्याकडं आली. "कुठं? कुठं हायेत?" तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी तुला कसं सांगू. एक पोर गेलं, पण त्याचा बाप येतोय, असं काहीतरी. मी मेल उघडली. तिन्ही चांदण्या होत्या. पहिलं पान, पहिलीच ओळ. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या धडकेत दुचाकीस्वाराचा मृत्यू. अमोल ज्ञानोबा ढगे, राहणार आकुर्डी, मूळ राहणार बोरवाडी, जिल्हा परभणी.

गड्याची काही चूक नव्हती. तू सांगितलं होतंस तसंच त्यानं केलं होतं. नाव होतं, गाव होतं, आकुर्डी होतं. त्यानं तुला शोधून काढलं आणि तुझ्याच नावानं मला कळवलं.

मी आईला काय सांगणार? ती वाट बघत उभी होती. मी वाचून दाखवलं, जसं होतं तसं, कारण दुसरं काही सुचेना. वाटलं, आता ही कोसळणार. कोसळली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "बापाचं नाव लिवलंय का त्यात?"

"हो, आई. मधे आहे."

"गावाचं?"

"हो."

"मंग वाचतील ते," ती म्हणाली. "कुठं असतील तितं वाचतील. वाचायचं इसरले नव्हते."

मला आजवर कधी इतकं हतबल वाटलं नव्हतं. नाही म्हणू की हो म्हणू? एखाद्या बाकावर बसून आप्पा मोठ्यानं बातमी वाचतायत, शेजारचं कुणीतरी कंटाळून ऐकतंय, आणि तुझं नाव आलं की ते ताठ बसतायत, आपलंच नाव आहे म्हणून. हे मी डोळ्यांपुढं आणलं आणि आत जाऊन नळ सोडून रडले. आप्पांनी ते वाचावं असं म्हणू का वाचू नये असं म्हणू, मला आजही ठरवता येत नाही.

दहाव्याला पवनेच्या घाटावर गुरुजींनी विचारलं, "वडील हयात आहेत ना?" विधीत कुणाकुणाची नावं घ्यायची ते त्यावर ठरतं म्हणे. बाळूदादा घसा खाकरून म्हणाला, "तसं म्हंजी... काय सांगावं गुरुजी." गुरुजी चांगले होते, पण त्यांनाही एकच उत्तर हवं होतं, आहेत किंवा नाहीत. तेव्हा मागून तुझी आई म्हणाली, "धुंडनं चालू हाय. तसंच म्हना."

पुढं गुरुजींनी कुणाची नावं घेतली ते मला ऐकू आलं नाही. नदीच्या पलीकडून कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजत होता.

आता रोज मेल येते आणि रोज विषय तोच, 'बहुतेक सापडले'. तूच सोय करून ठेवलीस. पहिले दोन दिवस तू पहिल्या पानावर होतास. मग दुसऱ्या. नव्या बातम्या येतात, नवे अपघात होतात, माउलींची पानं तर आहेतच, आणि तू मागं मागं सरकतोस. मी आईला खरं सांगितलं आणि फसले. ती म्हणाली, "मागं गेला तर त्यांना दिसायचा कसा? तूच म्हनायचीस ना, मानूस चार पानांत कंटाळतंय म्हनून." ते तू म्हणायचास, मी नव्हे. पण तिनं मला बजावलं, "म्होरं आन त्याला."

कसा पुढं आणू? पोळ्या लाटायच्या, वह्या तपासायच्या, एवढं मला येतं. तुझ्या स्क्रिप्टची फाइल उघडून बघितली. त्यात कुठं आकडा वाढतो ते मला सापडलं, त्याच्याशेजारी तू मराठीत लिहून ठेवलंयस, 'हे विसरू नको, गाढवा'. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि फाइल बंद केली. पुढं आणायचं त्यात कुठंच काही नव्हतं. असणार तरी कसं? गडी फक्त पानं उलटतो, पानं लावणारे दुसरे आहेत.

तू एकदा म्हणाला होतास, लोक जे उघडतात ते वर येतं म्हणतात, खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्या एका वाक्यावर आमचं चाललंय. सकाळी दात घासून झाले की आई खुर्ची ओढून बसते, मी तिच्या शेजारी. गड्याला बाजूला ठेवतो आणि हातानं शोधतो, तू जेवताना शोधायचास तसं. तुझं पूर्ण नाव मी घालते. मग आई म्हणते, "म्होरं." मी पुढचं पान दाबते. "म्होरं." देव जातात, शाळांच्या याद्या जातात, कुणाकुणा ज्ञानोबांची पोरं जातात. कुणाला नोकरी लागलीय, कुणी कुस्ती मारलीय. आई त्यांच्याकडंही बघते. तू आलास की मी तुझी बातमी उघडते, आम्ही दोघी ती पूर्ण वाचतो आणि मी शाळेत जाते. हजेरीच्या मस्टरवर माझं नाव लिहिते, शुभांगी अमोल ढगे. तुझं नाव आता कायम राहील अशी तेवढीच एक जागा मला माहीत आहे.

बाळूदादाला वाटतं आमचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. एक दिवस येणार, आम्ही पुढं पुढं करत जाऊ आणि ते म्हणेल, संपलं. मागं काही नसतं, असं मीच तुला ठासून सांगायची. त्या दिवशी तुझ्या आईला मी काय सांगू, हे तुला विचारायचं होतं. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

आज तू सातव्या पानावर होतास. खूप वेळ लागला. मी बातमी उघडली. आईनं पदरानं स्क्रीन पुसली आणि तुझ्या नावावर बोट ठेवलं, मधल्या शब्दावर.

"सातवं ना?" ती म्हणाली. "हाय अजून."